सल्ला देणाऱ्याचीही शाळा हवी

पिकाची पाने आकसू लागली की शेतकरी काय करतो? एक पान खुडतो, रुमालात गुंडाळतो, नाहीतर मोबाइलवर फोटो काढतो आणि कृषी सेवा केंद्राची पायरी चढतो. दुकानदार पान उलटसुलट करून बघतो, फळीवरची एक बाटली काढतो, जोडीला एक पुडी देतो आणि पंपाला किती टोपणे टाकायची ते सांगतो. सल्ला आणि खरेदी एकाच काउंटरवर, पाच मिनिटांत उरकते. पैसे नसतील तर उधारीही तिथेच मिळते. निपाणी-चिकोडी असो की गडहिंग्लज-जत, सीमेच्या दोन्ही बाजूंना हेच चित्र आहे. भाषा बदलते, काउंटर बदलत नाही.

हा नुसता अंदाज नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००३ मध्ये देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना विचारले होते, की आधुनिक शेतीची माहिती तुम्हाला कुठून मिळते? शंभरातल्या जवळजवळ साठ कुटुंबांना ती कुठूनच मिळत नव्हती. ज्यांना मिळत होती, त्यांचा पहिला आधार होता गावातला प्रगतिशील शेतकरी (सुमारे १७ टक्के). दुसरा होता बी-बियाणे, खते-औषधांचा दुकानदार (सुमारे १३ टक्के). सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचे नाव घेणारी कुटुंबे सहा टक्क्यांहूनही कमी होती आणि कृषी विज्ञान केंद्राचे नाव घेणारी एक टक्काही नव्हती. पुढे मोबाइल आला, व्हॉट्सॲप आले, तरी अडल्या वेळी माणूस माणसालाच विचारतो.

म्हणून शाश्वत शेतीची, म्हणजे जमिनीचा कस, पाणी आणि घरच्यांचे आरोग्य राखून पिढ्यान्‌पिढ्या चालेल अशा शेतीची चर्चा करताना 'शेतकऱ्याला प्रशिक्षण द्या' एवढे म्हणून भागत नाही. शेतकरी ज्याला विचारतो, त्याला कोणी शिकवले, किती दिवस शिकवले आणि कुठे शिकवले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला आपण थोडे उत्तरेला, सुरतेजवळच्या कोसाडपर्यंत जाऊन येऊ.

कोसाडच्या पलीकडे

सुरत म्हटले की आपल्याला आठवतात साड्या, यंत्रमाग आणि हिरे. मुंबईहून बडोद्याकडे जाणारी रेल्वे सुरत सोडून तापी ओलांडते, उत्राण मागे पडते आणि कोसाडचे छोटे स्टेशन येते. एकेकाळचे हे गाव २००६ मध्ये सुरत महापालिकेची हद्द वाढली तेव्हा शहरात आले. आता तिथे महापालिकेच्या घरकुलांच्या चाळीसारख्या लांबच लांब इमारती आहेत. सुरतेत खानदेशातून पोटासाठी गेलेल्या मराठी माणसांची संख्या मोठी आहे. त्यामुळे त्या शहरात मराठी कानावर पडली तर कोणी वळून बघत नाही.

कोसाडहून गाडी पुढे निघाली की सायण येते, आणि तिथून आपल्या ओळखीचा मुलूख सुरू होतो. ऊस, भात, भाजीपाला आणि सायणचा सहकारी साखर कारखाना. दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला डांग आणि खानदेशातून टोळ्या येतात. कृष्णाकाठच्या माणसाला हे सगळे घरचेच वाटेल. कोसाडच्या इमारतीतले कुटुंब संध्याकाळी जी भेंडी निवडते, ती याच ओलपाड-चोर्यासीच्या शिवारातून आलेली असण्याचा संभव मोठा. शेतात काय फवारले, याचा संबंध ताटाशी किती जवळचा आहे, हे अशा शहराच्या कडेच्या वस्तीत चटकन लक्षात येते.

सुरतेचा शेतीशी आणखी एक नातेसंबंध आहे आणि त्यात आपल्या धारवाडलाही वाटा आहे. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये 'संकर-४' हा कापसाचा वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस मानला जातो. पाठोपाठ १९७२ मध्ये धारवाडहून डॉ. बी. एच. कटरकी यांचे 'वरलक्ष्मी' आले. त्या बियाण्याने अनेक घरांत पैसा आला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बी दरवर्षी विकत, त्याला खताचा ठरावीक हप्ता, किडीला ठरावीक औषध, अशी शेतीची नवी घडीही त्याच काळात बसली. सल्लागाराचे काम मग 'किती टाकायचे' एवढे सांगण्याचे झाले. 'टाकायची गरज आहे का' हा प्रश्न हळूहळू मागे पडला.

सुरतेने काय केले?

त्याच सुरत जिल्ह्यात १० जुलै २०२२ रोजी नैसर्गिक शेतीची मोठी परिषद भरली. पंतप्रधान नरेंद्र मोदी त्या परिषदेत दूरदृश्य प्रणालीवरून बोलले. त्याआधी मार्च २०२२ मध्ये गुजरातच्या पंचायत महासंमेलनात त्यांनी आवाहन केले होते, की प्रत्येक गावातल्या किमान ७५ शेतकऱ्यांनी नैसर्गिक शेती करावी. सुरत जिल्हा प्रशासनाने ते मनावर घेतले. शेतकरी गट, लोकप्रतिनिधी, तलाठी, बाजार समित्या, सहकारी संस्था, बँका अशा सगळ्यांना कामाला लावले. प्रत्येक ग्रामपंचायतीत किमान ७५ शेतकरी निवडले, जिल्ह्याचे ९० समूह पाडले आणि काही महिन्यांत ४१ हजारांहून अधिक शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिल्याची सरकारी नोंद झाली. शेजारच्या डांग जिल्ह्याला तर नोव्हेंबर २०२१ मध्येच नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर केले होते.

एवढ्या थोड्या दिवसांत एवढी माणसे एकत्र आणणे सोपे नव्हे. त्यातली एक गोष्ट आपण उचलावी अशी आहे. हे काम एकट्या कृषी खात्याचे आहे, असे तिथे मानले नाही. कर्ज देणारी बँक, माल घेणारी बाजार समिती आणि ऊस घेणारी सहकारी संस्था यांना एका बाजूला आणि शेतकऱ्याला दुसऱ्या बाजूला ठेवले, तर शेतकरी कात्रीत सापडतो. सुरतेने सगळ्यांना एका सतरंजीवर बसवले.

पण ४१ हजार हा हजेरीपटाचा आकडा आहे. प्रशिक्षण घेऊन घरी गेलेला शेतकरी तिसऱ्या आठवड्यात पिकावर कीड बघतो, तेव्हा तो कोणाकडे जातो? गावात उत्तर देणारा माणूस नसेल, तर तो पुन्हा त्याच काउंटरसमोर उभा राहतो. मोहिमेची परीक्षा परिषदेच्या दिवशी होत नाही. ती या तिसऱ्या आठवड्यात आणि पुढे तिसऱ्या वर्षी होते.

वापसा, हद, वराप

सुरतेत शिकवली गेलेली पद्धत मुळात आपल्याच भागातून फिरत गेली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ती मांडली. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. या पद्धतीला मोठे बळ मिळाले ते कर्नाटकात. तिथल्या रयत संघाने दोन हजार सालानंतर पाळेकरांची शिबिरे गावोगाव भरवली. मराठी माणसाने मांडलेली गोष्ट कन्नड शेतकऱ्यांनी उचलून धरली, याचा आपल्या भागातल्या दुभाषी घरांना कौतुकमिश्रित अभिमान वाटायला हरकत नाही. पुढे कुरुक्षेत्राच्या गुरुकुलात ही शेती करणारे आचार्य देवव्रत आधी हिमाचलचे आणि २०१९ मध्ये गुजरातचे राज्यपाल झाले आणि तिथे या शेतीला सरकारी पाठबळ मिळाले.

कृती बहुतेकांना ठाऊक आहे. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी दोनेक किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवून, दिवसातून दोन वेळा ढवळून झाले जीवामृत, एका एकरासाठी. पेरण्याआधी बियाण्याला बीजामृत, जमिनीवर आच्छादन आणि चौथी गोष्ट वापसा.

पहिल्या तीन गोष्टी तासाभरात शिकवता येतात. चौथी येत नाही. वापसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओलही आहे आणि हवाही आहे अशी स्थिती. कन्नडमध्ये आपण तिला 'हद' म्हणतो. गुजराती शेतकरी पाऊस थांबून जमीन कामाजोगी झाली की 'वराप' झाली म्हणतो. तीन भाषांत तीन शब्द आहेत, कारण तिन्हीकडच्या बापजाद्यांनी माती मुठीत दाबून बघितली होती. ढेकूळ मुठीत वळते का, सोडले की फुटते का, बोटाला किती चिकटते, हे हातालाच कळते. काळ्या जमिनीची हद वेगळी, तांबड्या मुरमाड जमिनीची वेगळी. उसाला पाटाने पाणी सोडायची आपली सवय बघितली, तर 'आज पाणी देऊ नका' एवढा सल्ला ठाम देणारा माणूस किती मोलाचा आहे हे कळेल. हा सल्ला वहीत वाचून देता येत नाही. 'कै केसरादरे बायि मोसरु', हात चिखलात गेला तर तोंडी दही, ही कन्नड म्हण शेतकऱ्याइतकीच त्याच्या सल्लागारालाही लागू आहे.

आधी शिकवणाऱ्याने पीक काढावे

सल्लागार कसा घडवावा याचा एक चांगला धडा इंडोनेशियाने घालून दिला. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता. जितके औषध जास्त, तितके तुडतुडे जास्त, असा उलटा अनुभव येत होता, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकिडे औषधाने आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण नुसत्या बंदीवर ते थांबले नाहीत. १९८९ पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या 'शेतीशाळा' सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, पेरणीपासून कापणीपर्यंत, शेतातच. रोपे मोजायची, किडे मोजायचे, मित्र कोण, शत्रू कोण त्याचे चित्र मोठ्या कागदावर काढायचे आणि फवारायचे की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे.

या योजनेतली मोलाची गोष्ट पडद्यामागे होती. शाळा घेणाऱ्या प्रशिक्षकाला आधी स्वतः पूर्ण हंगाम शेतात उभे राहून भाताचे पीक काढावे लागे. ज्याने चिखलणी केली नाही, त्याने चिखलणीवर भाषण द्यायचे नाही. आपल्याकडेही 'शेतीशाळा' हा शब्द आता रुळला आहे. महाराष्ट्रात २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांची साथ आली. त्यानंतर २००९ पासून 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. नेमलेल्या शेतात जाऊन किडी मोजायच्या आणि संख्या नुकसानीच्या पातळीवर गेली तरच फवारणीचा सल्ला द्यायचा, हे त्याचे सूत्र. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त गुलाबी बोंडअळीचे पतंग सापडले, तर उपाय करायचा. चार सापडले तर थांबायचे. मोजणारा माणूस असेल तर दोन फवारण्या वाचतात, घाबरणारा माणूस असेल तर दोन वाढतात.

आपल्या उसाच्या पट्ट्याने हे स्वतः अनुभवले आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता कोल्हापूर, बेळगाव, बागलकोटपर्यंत पसरला. त्याला राज्याची हद्द कोण सांगणार? पानाखाली पांढरी लोकर, वरच्या बाजूला काळी बुरशी. पुरुषभर उंचीच्या उसात शिरून फवारणी करणे म्हणजे फवारणाऱ्याच्याच जिवाशी खेळ. तरीही लोकांनी फवारले. ज्यांनी माव्याला खऱ्या अर्थाने आवरले, ते होते डिफा नावाची अळी आणि मायक्रोमस नावाचा बारीक पंखांचा किडा. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने मायक्रोमसवर मोठे काम केले. ते वाढवून शेतात सोडण्याची पद्धत बसवली.

इथे सल्लागाराची कसोटी होती. डिफा दिसायला अळीच. अनोळखी डोळ्याला ती आणखी एक कीडच वाटणार. जो ओळखेल तो म्हणेल, 'काका, ह्या प्लॉटमध्ये औषध मारू नका, ह्या अळ्या मावा खातायत. ही दहा पाने कापून शेजारच्या उसात बांधा.' जो ओळखणार नाही तो बाटली देईल आणि मित्राचाच जीव घेईल.

दुकानदाराला वगळून चालणार नाही

आता काउंटरकडे परत येऊ. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. पण रात्री आठ वाजताही तोच दार उघडतो, तोच उधारी देतो. सरकारी माणूस आठ-दहा गावांमागे एक. तेव्हा त्याला वगळण्याऐवजी शिकवणे शहाणपणाचे. हैदराबादच्या 'मॅनेज' या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेने २००३ मध्ये कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी 'देसी' नावाची एक वर्षाची पदविका सुरू केली. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो बाजाराच्या सुटीला वर्ग. ४८ आठवड्यांत ४० वर्ग आणि ८ शिवारभेटी. माती, खत, कीड, कायदा, सुरक्षितता असे विषय. अनेक दुकानांत भिंतीवर आता हे प्रमाणपत्र लावलेले दिसते.

त्याची गरज किती होती, ते २०१७ च्या खरिपात यवतमाळने दाखवून दिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. उंच वाढलेली कपाशी, अंगावर उडणारा फवारा, तोंडाला फडकेही नाही आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. फवारणारा पुष्कळदा रोजंदारीचा मजूर होता. बाटलीत काय आहे हे त्याने ठरवले नव्हते आणि बाटलीवरचा मजकूर त्याला वाचताही येत नसेल. त्या मिश्रणाचा सल्ला कुठल्यातरी काउंटरवरून किंवा बांधावरून आलेला होता. चुकीच्या सल्ल्याची किंमत सल्ला देणारा मोजत नाही, फवारणारा मोजतो.

शिकलेल्या दुकानदारापुढेही एक पेच राहतोच. 'अजून आठ दिवस थांबा' असे तो म्हणाला, तर त्या दिवशी त्याचा गल्ला रिकामा. यावर उपदेश करून उपयोग नाही. कामगंध सापळे, चिकट पिवळे कागद, ट्रायकोडर्मा, निंबोळी अर्क, माती परीक्षणाची सोय, अवजारे भाड्याने देणे, अशा गोष्टींतून त्याची कमाई उभी राहिली, तर चांगला सल्ला त्याला परवडेल. प्रशिक्षणात हा हिशेबही शिकवला पाहिजे. आणि ४८ आठवड्यांत शिवाराला आठच फेऱ्या, हे प्रमाण वाढले पाहिजे.

सखी, जी बांधावर भेटते

दुसरी वाट आहे गावातल्याच माणसाला तयार करण्याची. आंध्र प्रदेशाने ती धरली. तिथे २०१६ पासून बचत गटांच्या जाळ्यातून नैसर्गिक शेती पसरवली गेली आणि शिकवणारे म्हणून निवडले ते स्वतः अशी शेती करून दाखवलेले शेतकरी. त्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. या कामाला २०२४ मध्ये पोर्तुगालचा गुलबेंकियन पुरस्कार मिळाला.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कृषी आणि ग्रामविकास मंत्रालयांत करार करून 'कृषी सखी' योजना आखली. पहिल्या टप्प्यातल्या बारा राज्यांत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक ही तिन्ही राज्ये आहेत. बचत गटातल्या शेतकरी बाईला ५६ दिवसांचे प्रशिक्षण: जमिनीची मशागत ते काढणी, माती परीक्षण, बियाणे बँक, जनावरांची निगा, जैविक निविष्ठा आणि चार लोकांत बोलण्याची सवय. १८ जून २०२४ रोजी वाराणसीच्या कार्यक्रमात ३० हजारांहून अधिक सखींना प्रमाणपत्रे दिली गेली. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर झाले. १५ हजार समूह, साडेसात लाख हेक्टर आणि एक कोटी शेतकरी हे त्याचे उद्दिष्ट. त्यासाठी ३० हजार सखी आणि गावपातळीवरचे मार्गदर्शक, म्हणजे प्रत्येक समूहाला दोन.

बाईला सल्लागार करण्यात मोठे शहाणपण आहे. खुरपणीला, लावणीला, वेचणीला रोज शेतात असते ती बाई. पानाखालची कीड आधी तिलाच दिसते. पण कृषी खात्याच्या मेळाव्याला पुढच्या खुर्चीत बसतो तो तिचा नवरा, अशी आजवरची रीत. गोठ्यात शेण-गोमूत्र गोळा करणारी आणि जीवामृत ढवळणारीही बहुधा तीच. अशी बाई दुसरीला म्हणते, 'वैनी, माझ्या मिरचीत मी असं केलं, येऊन बघा', तेव्हा त्या बोलण्याला कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त वजन असते.

आपल्या भागासाठी यात आणखी एक मुद्दा आहे, तो भाषेचा. सीमाभागात प्रशिक्षणाची पुस्तिका एका भाषेत येते आणि बांधावर बोलणे होते दोन भाषांत. मराठी शेतकरी हुमणी म्हणतो, कन्नड शेजारी 'गोण्णे हुळ' म्हणतो, किडा एकच. आपण पाचट म्हणतो, ते 'रवदि' म्हणतात, आणि दोघेही ते जाळतात! वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर येतात तेव्हा दोन्ही गावांनी एकाच आठवड्यात ते गोळा केले तर उपयोग, एकट्याने करून नाही. माहेर चिकोडीचे आणि सासर कागलचे अशी एखादी सून घरात असेल, तर दोन्ही गावांना एकत्र आणणारी सखी तिच्याहून चांगली कुठे मिळणार? दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुली या कामाकडे नोकरी म्हणूनही बघू शकतील. माझ्या वर्गात अशा मुली दर वर्षी असतात. शेतीतले शब्द त्यांना दोन्ही भाषांत येतात, आणि ते आपले भांडवल आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

घाईने घात होतो

शाश्वत शेतीच्या उत्साहात एक सावधगिरी हवी. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर जवळजवळ रातोरात बंदी घातली. शेतकऱ्याला पर्याय शिकवलेला नव्हता, सेंद्रिय खत पुरेसे नव्हते. भाताचे उत्पादन कोसळले, चहाला फटका बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. आपल्याकडेही राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने २०१९ मध्ये झिरो बजेट शेतीला जाहीर आक्षेप घेतला होता.

आक्षेप घेणाऱ्यांचा प्रश्न साधा आहे. महाराष्ट्रात आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ते उद्यापासून बंद केले, तर पिकाला नत्र कुठून मिळणार? चांगला सल्लागार या प्रश्नावर चिडत नाही. तो माती तपासायला सांगतो. म्हणतो, 'दादा, आधी दहा गुंठ्यांवर करू. पाचट जाळू नका, एकाआड एक सरीत पसरा. लागणीआधी ताग किंवा धैंचा घ्या, फुलावर आला की गाडा. सरीच्या बगलेला हरभरा, भुईमूग घ्या. खत हळूहळू कमी करू, दर वर्षी वजन मोजू.' असा सल्ला कोणाच्याही घोषणेत बसत नाही, पण शेतकऱ्याचे कर्ज वाढू देत नाही. सल्लागाराला एकच पंथ शिकवणे म्हणजे त्याला पुन्हा एका बाटलीचा विक्रेता करणे. मग त्या बाटलीत रसायन असो की जीवामृत.

आपण काय विचारावे?

शेती करणाऱ्या घरांनी सल्लागाराला चार प्रश्न जरूर विचारावेत. तुम्ही माझे शेत बघितले का? कीड मोजली का, की फोटोवरून सांगता? हे केले नाही तर किती नुकसान होईल? आणि आठ दिवसांनी तुम्ही परत येणार का? ज्याला चारही प्रश्नांचा राग येत नाही, त्याचा नंबर जपून ठेवावा.

शेती न करणाऱ्या घरांनाही काम आहे. कोसाडच्या इमारतीत असो की बेळगावच्या कॉलनीत, भाजी विकत घेताना 'ही कुठल्या शिवाराची?' एवढे विचारायची सवय लावता येईल. आपल्या ग्रामपंचायतीत, दूध डेअरीत, सोसायटीत, साखर कारखान्याच्या शेती विभागात विचारता येईल, की आमच्या गावाला कृषी सखी मिळाली का, तिचे ५६ दिवस पूर्ण झाले का, तिची पुस्तिका मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत आहे का, आणि तिचे मानधन वेळेवर मिळते का. सुरतेने गावागणिक ७५ माणसे गोळा करून दाखवली. आपण निदान गावागणिक एक माणूस पूर्ण हंगाम शेतात उभा करून शिकवू या. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायला कोणाची परवानगी लागत नाही. एक अर्ज आणि दोन सह्या पुरेत.